कर, करा, करूया

गेल्या महिन्यात निपाणीहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी बेळगावातल्या एका रुग्णालयात चार वर्षं स्टाफ नर्स होती, आता तिला वॉर्डची इन्चार्ज केलं आहे. हाताखाली बारा जणी. त्यातल्या पाच तिच्याहून वयानं मोठ्या आणि दोघी अगदी काल-परवा पास झालेल्या. आईचा प्रश्न सरळ होता. ‘‘अक्का, तिनं कडक राहावं की गोड? कडक राहिली तर मोठ्या बायका तोंड फिरवतात, गोड राहिली तर नव्या पोरी डोक्यावर बसतात.’’

फोनवर थोडंफार बोलले, पण हा विषय पाच मिनिटांत उरकणारा नाही. म्हणून या वेळी त्यावरच लिहिते. ‘आम्हाला नर्सिंगचं काय?’ असं म्हणून पान उलटू नका. आपल्या भागात घर सोडून दुसऱ्या घरात कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची भाची या व्यवसायात आहेच. मिरज, बेळगाव, हुबळी आणि तिथून पुढे पुणे, मुंबई, आखाती देश. त्यातली प्रत्येक जण कधी ना कधी कुणाची तरी ‘इन्चार्ज’ होते. आणि त्या दिवशी तिला कळतं की शाळेत सुई टोचायला शिकवलं, माणसं सांभाळायला कुणी शिकवलंच नाही.

माझं सांगायचं तर, जन्म चिकोडीजवळचा. आजीशी कन्नड, शाळेत मराठी. शिक्षण मिरजेला. 1985 मध्ये लग्न होऊन बडोद्याला आले आणि 2021 मध्ये निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका ट्रस्टच्या रुग्णालयात राहिले. वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, पुन्हा वॉर्ड आणि शेवटची अकरा वर्षं मेट्रनच्या खुर्चीत. बडोदं हे नाव घेतलं की आपल्या मंडळींना सयाजीराव महाराज आठवतात आणि वाटतं की इथं सगळे मराठीच बोलत असतील. दांडिया बाजारात, बाबाजीपुऱ्यात अजूनही ऐकू येते मराठी. पण वॉर्डातलं चित्र वेगळं. माझ्याकडे आणंद-नडियादच्या बाजूच्या गुजराती ख्रिस्ती मुली होत्या, त्यांच्यात नर्सिंगची परंपरा जुनी. केरळच्या सिस्टर्स होत्या. डभोई, छोटा उदेपूरकडच्या राठवा मुली होत्या, घरात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या. आणि आमच्यासारख्या दोन-चार मराठी. आयाबाईंना इथं ‘मासी’ म्हणतात, आपल्याकडे ‘मावशी’. तेवढा एक शब्द मला आल्या दिवसापासून आपला वाटला.

आता मुद्द्यावर येते. माझ्या मते ‘कडक की गोड’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: समोर कोण आहे, काम कोणतं आहे आणि हातात वेळ किती आहे?

आपण दोन भाषांत वाढलेली माणसं, त्यामुळे आपल्याला हे व्याकरणातूनच समजायला हवं. मराठीत एकच क्रियापद घ्या. ‘कर.’ ‘करा.’ ‘करूया.’ आणि चौथं, ‘तुम्हीच बघून घ्या.’ कन्नडात ‘माडु’, ‘माड्री’, ‘माडोण’ आणि ‘नीवे नोड्कोळ्री’. इथं गुजरातीत ‘कर’, ‘करो’, ‘करीए’ आणि ‘तमे ज जोई लेजो’. काम तेच, पण चार तऱ्हांनी सांगितलं की चार नाती तयार होतात. घरात आपण हे विचार न करता करतो. नव्या सुनेला पुरण किती शिजवायचं, वेलची कधी घालायची हे शेजारी उभं राहून सांगतो. तीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या जाऊबाईंना तेच सांगितलं तर त्या लाटणं आपल्या हातात देऊन बाहेर जाऊन बसतील.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोन अमेरिकन गृहस्थांनी 1969 मध्ये याच गोष्टीचा सिद्धांत मांडला. सांगणं, पटवणं, सोबत ठरवणं आणि सोपवणं अशा चार पायऱ्या. माणसाची तयारी पाहून पायरी निवडायची. नर्सिंगच्या पुस्तकांत आजही हा धडा असतो, मुली तो पाठ करून लिहितात. पुढच्या अभ्यासकांनी तपासून पाहिलं तेव्हा सिद्धांताला सगळीकडे पुरावा काही मिळाला नाही. नव्यानं कामाला लागलेल्यांच्या बाबतीत मात्र तो बराच खरा ठरला. मला त्याचं नवल वाटलं नाही. नव्या मुलीला सगळं नीट सांगावं लागतं, हे कळायला अमेरिकेला जावं लागत नाही. पण किती नीट, हे मात्र शिकावं लागतं.

छोटा उदेपूरकडची एक मुलगी आमच्याकडे पहिल्या नोकरीला आली. हुशार होती, पण बोलायची नाही. पहिल्यांदा रक्त लावायची वेळ आली. इन्चार्जनं सगळं भराभर सांगितलं आणि विचारलं, ‘‘समजाई गयुं?’’ मुलगी म्हणाली, ‘‘हा, बेन.’’ आपल्याकडे ‘हूं री’ म्हणतात ना, तसं. त्या ‘हूं री’चा अर्थ ‘समजलं’ असा नसतो. ‘तुम्ही मोठ्या, मी लहान’ एवढाच असतो. मी तिथंच होते. म्हटलं, ‘‘तू आता मला शिकव. मी नवीन आहे असं समज.’’

मग ती बोलू लागली आणि कुठं काय राहिलं ते दोघींनाही दिसलं. पिशवीवरचा नंबर, रक्तगट आणि रुग्णाचं नाव दोन जणींनी मिळून ताडून पाहायचं, हे तिला माहीत होतं. लावण्याआधी ताप, नाडी, रक्तदाब लिहून ठेवायचा, हेही माहीत होतं. रक्तपेढीतून पिशवी आली की अर्ध्या तासात सुरू करायची आणि चार तासांच्या आत संपवायची, हे अर्धवट. पण पहिली पंधरा मिनिटं थेंब हळू ठेवायचे आणि रुग्णाजवळून हलायचं नाही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. रक्त जुळलं नाही तर थंडी, पाठदुखी, धाप ही लक्षणं बहुतेक वेळा त्या सुरुवातीच्या मिनिटांतच दिसतात. तेव्हा खाटेशी कुणी नसेल, तर पुढचं सगळं उशिराचं असतं.

त्या मुलीला पहिले तीन महिने ‘कर’ असंच सांगायला हवं होतं. हे कर, मग हे, आणि झालं की मला येऊन सांग. यात अपमान नाही. उलट नव्या माणसाला ‘तुला योग्य वाटेल तसं कर’ म्हणणं ही फार मोठी निष्ठुरता आहे, असं मी अनुभवानं म्हणते. त्याला आपण विश्वास म्हणतो, पण प्रत्यक्षात ते त्या पोरीला एकटं सोडणं असतं.

याच वॉर्डात एक केरळच्या सिस्टर होत्या, बावीस वर्षांचा अनुभव. त्यांना कुणी असं पायरी-पायरीनं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला असता, आणि योग्यच केलं असतं. मॉनिटरचा भोंगा वाजण्याआधी त्यांना श्वासाच्या आवाजावरून कळायचं की हा रुग्ण बिघडतोय. ‘कशावरून?’ विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सबाईंनी 1984 मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात नवशिकीपासून तज्ज्ञ होईपर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. मूळ कल्पना ड्रायफस या दोघा भावांची. त्यांनी विमानचालक आणि बुद्धिबळपटू यांचा अभ्यास करून ती मांडली होती. नवखी नियम धरून चालते, तज्ज्ञ सगळं चित्र एकदम पाहते, असं त्यांचं सांगणं. आमच्या केरळी सिस्टरना हे पुस्तक माहीतही नसेल, पण त्या पाचव्या पायरीवर होत्या. अशा माणसाला फक्त एवढंच म्हणायचं, ‘‘सिस्टर, सात नंबर तुमच्याकडे.’’ आणि मग खरोखरच त्यांच्याकडे राहू द्यायचं. दर अर्ध्या तासानं डोकावायचं नाही.

इथपर्यंत सोपं आहे. नवीनला सांगा, जुनीवर सोपवा. घोळ पुढे आहे.

2020 साल आलं. बडोद्यात सयाजी रुग्णालय आणि गोत्रीचं रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं, पुढे खासगी रुग्णालयांतही कोविडचे विभाग उघडले. आमच्याकडे अतिदक्षता विभागात माणसं कमी पडली, तेव्हा वॉर्डातल्या, ओपीडीतल्या सगळ्यांना तिकडे पाठवावं लागलं. त्या केरळी सिस्टरही गेल्या. आणि बावीस वर्षांची तज्ज्ञ बाई व्हेंटिलेटरसमोर एका रात्रीत पहिल्या पायरीवर आली. बेनरबाईंच्या म्हणण्यातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पायरी माणसाची नसते, माणूस आणि काम या जोडीची असते. जागा बदलली की पायरी बदलते.

आता अशा बाईंना ‘कर’ कसं म्हणायचं? आणि म्हणणार कोण, तर चोवीस वर्षांची आयसीयूची पोर! तिला व्हेंटिलेटर येतो, पण ‘चेची’ला शिकवायचं म्हटल्यावर तिची जीभ उचलत नव्हती. आणि चेचींना विचारायची लाज वाटत होती. दोघी एकमेकींना ‘तुम्ही, तुम्ही’ करत होत्या आणि मध्ये रुग्ण.

आम्ही दोघींची जोडी लावली आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं: मशीनच्या बाबतीत ही सांगेल आणि त्या ऐकतील, रुग्णाशी आणि नातेवाइकांशी फोनवर बोलण्याच्या बाबतीत त्या सांगतील आणि ही ऐकेल. कारण त्या पोरीला अलार्म कळत होता, पण ‘तुमच्या वडिलांना आज त्रास वाढलाय’ हे मुलाला फोनवर कसं सांगायचं ते येत नव्हतं. देवाणघेवाण ठरली तशी दोघींची मान वर झाली. सहा आठवड्यांत चेची व्हेंटिलेटरवर एकट्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा पोरीला मी सांगितलं की आता यांना सांगणं बंद कर. सांगायला सुरुवात करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वेळेवर थांबणंही. बऱ्याच इन्चार्ज इथंच चुकतात. पोर तीन वर्षांची जुनी झाली तरी तिच्या मागं ‘हे केलंस का, ते केलंस का’ चालूच.

आता वेळेचं. हातात सेकंदच असतील तर वर सांगितलेलं सगळं गुंडाळून ठेवायचं. रुग्णाचं हृदय थांबलं की तिथं बावीस वर्षं आणि दोन महिने असा भेद नसतो, एकच आवाज चालतो. आणि तो आवाज म्हणजे ओरडणं नव्हे. ‘‘कोणीतरी ॲड्रिनलिन काढा’’ असं म्हटलं की चौघी एकमेकींकडे पाहतात आणि कोणीच काढत नाही. नाव घेऊन सांगायचं: तू छाती दाब, तू एक मिलिग्रॅम ॲड्रिनलिन काढ, तू वेळ लिही. जिला सांगितलं तिनं ते परत मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे ऐकलं की नाही ते कळतं. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेला हात नुसता हलतो, दाबत नाही. आणि नेतृत्व करणारीनं शक्यतो पायथ्याशी उभं राहायचं, स्वतः हात घालायचा नाही. अनुभवी बायकांना हे फार जड जातं. हात शिवशिवतात. पण ज्या क्षणी इन्चार्ज स्वतः छाती दाबायला लागते, त्या क्षणी सगळ्यांवर नजर ठेवणारं कुणी उरत नाही.

आग हा तर याहून वाईट प्रसंग. 8 सप्टेंबर 2020 ला संध्याकाळी सयाजी रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली. रुग्णांना बाहेर काढून दुसरीकडे हलवलं गेलं, जीवितहानी झाली नाही. पुढच्याच वर्षी 1 मे ला, मध्यरात्र उलटल्यावर, इथून सुमारे 70 किलोमीटरवर भरूचला पटेल वेल्फेअर रुग्णालयाच्या कोविड विभागात आग लागली. त्यात 18 जण गेले. 16 रुग्ण आणि दोन नर्सिंगच्या मुली. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. आयसीयूत ऑक्सिजन वाहत असताना आग कशी पसरते हे आम्ही सगळ्याच जाणत होतो, आणि त्या मुली आमच्याकडच्या मुलींच्याच वयाच्या.

त्या आठवड्यात मी प्रत्येक पाळीला एकच प्रश्न विचारायला लावला: आत्ता या क्षणी धूर आला तर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, दार कोण धरणार, पहिला रुग्ण कोणता? उत्तर ‘आम्ही सगळ्या’ असं नको, नाव हवं. हे हुकमाचं काम आहे. त्याची तयारी मात्र हुकमानं होत नाही. कोणती खाट दारातून निघते आणि कोणती अडकते हे मला ठाऊक नव्हतं, ते मासींनी सांगितलं. खाटा रोज त्याच ढकलतात ना! तेव्हा गंमत बघा, शांत दिवशी ‘करूया’ म्हणत सगळ्यांना विचारलेलं असतं, म्हणूनच संकटात एकीचं ‘कर’ चालतं.

‘करूया’वरून एक गोष्ट आठवली, थोडी आडवाटेची आहे. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’. मल्याळममध्येही असे दोन शब्द आहेत. कन्नडात मात्र दोन्हीला एकच, ‘नावु’. आजी ‘नावु’ म्हणायची तेव्हा त्यात मी आहे की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे. वॉर्डात मी ‘आपणे’ या शब्दाला फार जपलं. ‘अमे नक्की कर्युं छे’ म्हणजे आम्ही वरच्यांनी ठरवलंय. ‘आपणे नक्की करीए’ म्हणजे तुम्हीही त्यात आहात. पण ठरवून टाकलेल्या गोष्टीला उगाच ‘आपणे’चा मुलामा देऊ नये. माणसं ते लगेच ओळखतात आणि मग खऱ्या ‘आपणे’वरचाही विश्वास उडतो. 

31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला. विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, पाण्याबरोबर मगरीही आल्या. दुसरी पाळी येऊच शकली नाही. वॉर्डात होत्या त्यांनाच राहणं भाग होतं. कुणाचं तान्हं बाळ घरी, कुणाचे सासरे अंथरुणावर. नियमाप्रमाणं ‘कोणी हलायचं नाही’ असा हुकूम काढता आला असता. इन्चार्जनं सगळ्यांना चहाला बसवलं आणि म्हणाली, सहा जणींशिवाय रात्र निघणार नाही, कोण सहा ते आपणे ठरवू. पंधरा मिनिटांत ठरलं. तान्ह्या बाळाची आई जाणार, तिच्या रस्त्यात पाणी नाही हे मासींनी खात्रीनं सांगितलं. ज्या राहिल्या त्यांनी आळीपाळीनं दोन-दोन तास झोपायचं. राहिलेल्यांपैकी कुणीही पुढे महिनाभर त्या रात्रीबद्दल कुरकुर केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. हुकूम काढला असता तर रात्र तशीही निघाली असती. पण कुरकुर वर्षभर पुरली असती.

मोठी परीक्षा मात्र पुराची नव्हे, रोजच्या रात्रपाळीची. कर्ट लेविन आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी 1939 मध्ये अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर एक प्रयोग केला होता. मुखवटे वगैरे बनवायचं काम. एका गटाचा म्होरक्या हुकूम सोडणारा, एकाचा सगळ्यांना विचारणारा, एकाचा काहीच न करणारा. म्होरक्या खोलीत असेपर्यंत हुकमाचा गट जोरात चालायचा. तो बाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारणाऱ्याच्या गटाचं काम मात्र तो नसतानाही चालू राहायचं. मला हा प्रयोग वाचल्यावर पहिली आठवली ती रात्री दोनची वेळ. इन्चार्ज घरी झोपलेली, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात दोन मुली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी आपल्या 1859 च्या पुस्तकात याच गोष्टीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे: आपण असताना जे होतं ते आपण नसतानाही व्हावं, याची व्यवस्था. त्यांच्या नावाचा दिवा आपण 12 मे ला लावतो. ते प्रकरण मात्र फार थोड्या इन्चार्जनी वाचलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, एकीला एक आणि दुसरीला दुसरं, हा पक्षपात नव्हे का? हा प्रश्न आमच्याकडे नवरात्रात दरवर्षी उभा राहायचा. बडोद्याची नवरात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना कल्पना येणार नाही. नऊ रात्री सगळं गाव गरब्याला. संध्याकाळची पाळी कुणालाच नको. मी आले त्या वर्षी यादी वरून यायची आणि नऊ दिवस रडारड चालायची. पुढे आम्ही ती मुलींवरच सोपवली. अटी दोनच: प्रत्येक पाळीत अडचणीच्या वेळी उभी राहील अशी एक तरी जुनी सिस्टर हवी आणि सलग दोन पाळ्या कुणी करायच्या नाहीत. बाकी तमे ज जोई लेजो. ख्रिस्ती आणि केरळच्या मुली नवरात्रातल्या संध्याकाळी घ्यायच्या, बदल्यात नाताळ आणि ओणम त्यांचे. आम्हा मराठ्यांना गणपतीचे दोन दिवस. कोणी किती दिले-घेतले याचा हिशेब त्या माझ्यापेक्षा काटेकोर ठेवायच्या.

बोलण्याची तऱ्हा माणसागणिक वेगळी चालते. नियम वेगळा चालत नाही. हात धुणं, इन्सुलिन दोघींनी तपासणं, रजिस्टरवर सही हे बावीस वर्षांच्या चेचींनाही तेवढंच लागू. एकदा एका ज्येष्ठ सिस्टरनी इन्सुलिनची दुसरी सही घेतली नाही. ‘‘मला काय आज कळतंय?’’ म्हणाल्या. इन्चार्ज त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिनं आवाज चढवला नाही, ‘तुम्ही’ सोडलं नाही, चारचौघांत बोललीही नाही. औषधांच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणाली, ‘‘सिस्टर, तुम्ही सही घेतली नाहीत तर उद्यापासून नव्या पोरी घेणार नाहीत. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू?’’ पटवणं म्हणतात ते हे. मानही राहिला आणि सहीही झाली.

शेवटी एका रात्रीची गोष्ट सांगते. पहाटे दोनच्या सुमाराला एका वॉर्डातल्या नव्या मुलीनं इन्चार्जला घरी फोन लावला. मधुमेहाच्या रुग्णाला साधी नॉर्मल सलाईन लावायची होती, तिच्या हातून डीएनएस लागली. म्हणजे साखर असलेली. 500 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज. शंभरेक मिलिलिटर गेल्यावर तिच्या लक्षात आलं. या फोनऐवजी तिला दुसरंही काही करता आलं असतं. गुपचूप बाटली बदलायची आणि कागदावर नॉर्मल सलाईनच ठेवायची. सकाळी साखर वाढलेली दिसली असती, डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं असतं आणि दुपारी साखर धोक्याच्या खाली गेली असती. का, ते कुणालाच कळलं नसतं.

इन्चार्जनं पहिला प्रश्न विचारला, ‘‘पेशंट कसा आहे?’’ दुसरा, ‘‘बाटली काढलीस ना?’’ मग एकामागून एक: आत्ता साखर तपास, ड्यूटी डॉक्टरला उठव, जे घडलं ते जसंच्या तसं लिही, मी फोन चालू ठेवते. त्या क्षणी फक्त ‘कर’. का झालं, कसं झालं, एकही शब्द नाही. रुग्णाला काही झालं नाही. सकाळी दोघी मिळून रॅकपाशी गेल्या, तेव्हा दिसलं की दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच रंगाच्या अक्षरांच्या. ‘काय करूया?’ असं इन्चार्जनं विचारलं आणि उत्तर त्या मुलीनंच दिलं. डीएनएसच्या बाटल्या त्याच दिवशी खालच्या कपाटात गेल्या आणि कपाटाच्या दारावर तिनं स्वतःच्या हातानं गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं.